ओलीच आहे

आमच्या घरात मुलांवर हात उचलायची पद्धत नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझे आईबाप कठोर होते. शेजारच्या घरून काठीचे आवाज यायचे, पोरं अंगणभर ओरडत पळायची, आणि थोड्या वेळाने तीच पोरं बापाच्या मांडीवर बसून मुरमुरे खाताना दिसायची. आमच्याकडे तसलं काही नाही. बाबांनी मला किंवा माझ्या धाकट्या भावाला, गेंदूला, आयुष्यात एक चापट मारली नाही. माय रागावली की गप्प व्हायची, एवढंच. गेल्या वर्षी गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब मोजता मोजता विचारलं, आजी, लहानपणी घरात मारहाण होती का? मी म्हटलं, नाही बाई, आम्हाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. त्या म्हणाल्या, मग पाहुणे यायचे म्हटले की तुमचे हात का थरथरतात, पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला आता कुणाची भीती आहे? मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काय सांगायचं ते मला माहीत होतं. सांगायची लाज वाटली.

आमचं गाव आमगावपासून दोन कोसांवर. दुपारी वारा तिकडून असला की रेल्वेची शिटी ऐकू यायची आणि माय त्यावरून चुलीवर आधण ठेवायची. घर मातीचं, वर कवेलूंचं छप्पर, मागे गोठा आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. गोठ्याला लागून ढेकीची खोली होती. ढेकी म्हणजे पायाने दाबून धान कांडायचं लाकडी यंत्र. तांबडं फुटायच्या आधी माय आणि शेजारची एक बाई ढेकीवर चढायच्या, आणि तो धप, धप असा आवाज जमिनीतून आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. त्या आवाजातच आम्ही वाढलो. सकाळी भाताची पेज, तीत मीठ आणि एखादी मिरची. दुपारी भात आणि लाखोरीची डाळ, कधी चिवळीची भाजी. बाबा जेवायला बसले की कुणी बोलायचं नाही. ते ताटात एक शीत ठेवत नसत आणि आम्हीही ठेवायचं नाही. घास चावल्याचा आवाज झाला तर ते नुसतं वर बघत. त्या बघण्याने माझा घास तोंडातच फिरत राहायचा. अजूनही कुणी समोर बसून माझ्याकडे बघत असेल तर मला गिळता येत नाही. सुनांना वाटतं, सासूबाईंना आपल्या हातचं आवडत नाही.

बाबांची सगळी इज्जत त्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीची पार घालून पाणी अडवलेलं शेत. भर पावसात दुसऱ्यांच्या पारी फुटायच्या, रोवलेलं धान वाहून जायचं, पण बाबांची पार फुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ते खांद्यावर फावडं टाकून सकाळ-संध्याकाळ पारीवरून फिरत, खेकड्याचं एवढंसं भोक दिसलं तरी चिखलाने बुजवत. माणसाचंही असंच असतं, असं त्यांचं मत होतं. ज्याला स्वतःला अडवता येत नाही तो पुढे काही अडवू शकत नाही, ना घर, ना शेत. अशा माणसाच्या पोटी गेंदू आला आणि गेंदू सहा वर्षांचा झाला तरी अंथरूण ओलं करायचा.

त्यावर उपाय म्हणून जे केलं गेलं त्याला कुणी शिक्षा म्हणत नव्हतं. ती शिस्त होती. सकाळी गोधडी ओली निघाली की ती गेंदूने स्वतः डोक्यावर घ्यायची आणि गल्लीतून चालत बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तलावावर, नेऊन धुवायची. बाबा म्हणत, लाज वाटली की सुटेल. ती गोधडी भिजून जड झालेली असायची. तिच्या खालून त्याचं तोंड दिसायचं नाही, नुसते बारीक पाय चालताना दिसायचे. गल्लीतली पोरं काय ओरडायची ते मी लिहीत नाही. दुसरा उपाय म्हणजे दुपारनंतर त्याचं पाणी बंद. आणि त्या पाण्यावर पहारा ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तो मला बाई म्हणायचा. त्या पहाऱ्याचा मला अभिमान होता. बाबा मला विचारत, आज पेला का? मी सांगायची, नाही. त्यांनी मान हलवली की मला वाटायचं, मी त्यांच्या बाजूची आहे. एकदा उन्हाळ्यात गेंदू गाईच्या दगडी हौदातून ओंजळीने पाणी पिताना मला दिसला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ पुसले. मी संध्याकाळी ते बाबांना सांगितलं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

मग त्या वर्षी धान कापून खळ्यावर आल्यावर बाबांची थोरली बहीण, सायत्रा आत्या, आमच्याकडे राहायला आली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला, कुणाच्या घरी कामाला दोन हात कमी पडले की ती तिथे जायची. उंच, काळी, आवाज पुरुषी. आल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने गेंदूला गोधडी डोक्यावर घेऊन निघालेलं पाहिलं. त्याच्या डोक्यावरून गोधडी उचलून आपल्या डोक्यावर घेतली आणि त्याचा हात धरून बोडीकडे निघाली. गल्लीतली पोरं त्या दिवशी ओरडली नाहीत. परत आल्यावर ती बाबांना म्हणाली, "भाऊ, भेवानं होऊन राहिलं त्याले. तू भेव काढ, पानी नोको काढू."

बाबा तिच्यापुढे बोलत नसत. त्यांना तिनेच वाढवलं होतं. तेव्हापासून गेंदू आत्याजवळ झोपू लागला. ती त्याला पोटभर पाणी द्यायची, झोपताना काहीतरी सांगत पाठीवर हात फिरवायची, आणि मध्ये एकदा उठवून बाहेर नेऊन आणायची. ओलं झालं तर गुपचूप गोधडी बदलायची, त्याची गोष्टच नाही. हळूहळू ओलं होणं दोन दिवसांआड झालं, मग चार दिवसांआड, मग थांबलं. गेंदूचं अंगच बदललं. तो मोठ्याने हसायला लागला, ढेकीच्या लाकडावर चढून उड्या मारायला लागला. एकदा जेवताना तो बाबांसमोर बोलला, आणि बाबांनी वर पाहिलं तरी तो थांबला नाही. बाबांच्या मिशीत मला हसू दिसलं. मला मात्र काय वाटलं ते खरं सांगते. मला ते आवडलं नाही. माझा पहारा संपला होता आणि बाबा मला आता काही विचारत नव्हते.

पौष सरता सरता आत्याला नणंदेच्या बाळंतपणाला जावं लागलं. जाताना तिने मायला बजावलं की पोराला उठवत जा, आणि मला म्हणाली, आता तू त्याच्याजवळ झोप. ती गेली आणि आठवड्याभरात दवनीवाड्याहून निरोप आला की तिथली मंडळी मला पाहायला येत आहेत. मोठं घर, धानाची चांगली शेती, मुलगा तालुक्याच्या शाळेत शिकलेला. मला तेव्हा बारावं होतं. त्या काळी आमच्याकडे हे उशिराचंच समजत.

पाहुणे यायचे त्याच्या आदल्या दोन दिवसांत मायने घर सारवलं, तांदळाचं पीठ दळलं, घाऱ्यांसाठी गूळ फोडला. पण मला आठवतं ते तिचं बोलणं. ती मला शेणाचा हात धुता धुता सांगत होती की मान खाली ठेव, विचारल्याशिवाय बोलू नको, हातातलं काही सांडू नको. आणि मग हळूच म्हणाली की गेंदूचं पूर्वीचं कुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जायला नको, त्यांना वाटेल या घरच्या लेकरांत खोट आहे, आज भाऊ आहे तशी उद्या बहीण निघेल. बाबांनी ते ऐकलं. ते म्हणाले, आता झालं तर डाग देऊन आणतो, म्हणजे कायमचं मिटेल. पलीकडच्या टोलीवर, म्हणजे वाडीवर, एक म्हातारा होता. तो तापल्या लोखंडाने गुरांना डाग द्यायचा, आणि पोटदुखीला, अंथरूण ओलं करण्याला पोरांनाही द्यायचा. गावात कितीतरी पोरांच्या पोटावर त्याच्या खुणा होत्या. त्याला कुणी क्रूरपणा म्हणत नसे, औषधच म्हणत. गेंदू तिथेच बसून चिंचोके खेळत होता. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

पाहुणे येणार त्या पहाटे मला जाग आली ती ढेकीच्या आवाजाने. आणि जाग आल्याबरोबर कळलं की मी भिजले आहे.

मला त्या आधी कधी असं झालं नव्हतं. निदान आठवणीत तरी नव्हतं. मी तशीच पडून राहिले. थंडीचे दिवस, अंगाखालची गोधडी गार होत चालली होती. दाराच्या फटीतून थोडा उजेड येत होता. पहिल्यांदा मला वाटलं की हे स्वप्न आहे, मग वाटलं की उठून मायला सांगावं. मग दवनीवाड्याची माणसं डोळ्यांसमोर आली, बाबांचं वर बघणं आलं. टोलीवरचा म्हातारा आला. गेंदू माझ्या शेजारी कुशीवर झोपला होता, दोन्ही हात मांड्यांमध्ये घालून. त्याच्या अंगाखाली हात घालून मी चाचपून पाहिलं. कोरडं होतं.

मी उठले. परकर बदलला, ओला परकर तणसाच्या ढिगात खोचून आले. ढेकी चालूच होती, तिचा एक ठोका चुकला असता तर कदाचित माझे हात थांबले असते. गेंदूची झोप गाढ होती. मी त्याला एका बाजूला सरकवलं, त्याच्याखालची गोधडी ओढून घेतली आणि माझी त्याच्याखाली सारली. तो ओल्या गोधडीवर आल्यावर जरासा कण्हला आणि पुन्हा झोपला. मी कोरड्या गोधडीवर पडून डोळे मिटले. ती त्याच्या अंगाने ऊबदार झालेली होती. हे लिहिताना मला थांबावं लागलं. इतक्या वर्षांत ती ऊब माझ्या पाठीवरून गेलेली नाही.

माय उठवायला आली, तिला वास आला, तिने हात लावला आणि ती बाबांना बोलवायला गेली. गेंदू उठून बसला. त्याने खाली पाहिलं, गोधडीवर हात फिरवला, मग आपल्या चड्डीवर हात फिरवला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. चड्डी एका बाजूने जेमतेम दमट झाली असेल, बाकी कोरडी होती. बाबा दारात येऊन उभे राहिले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "बाबा, माही चड्डी कोरडी आहे."

बाबा म्हणाले, खोटं बोलू नको. ते रागाने म्हणाले नाहीत, थकल्यासारखे म्हणाले. गोधडी भिजते आणि चड्डी कोरडी राहते, असं कसं होईल? गेंदूने पुन्हा हात लावून पाहिला. आणि मग तो माझ्याकडे वळला.

"बाई, तू पाह्य ना. कोरडी आहे ना?"

त्याला माझ्यावर भरवसा होता. घरात मी कधी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर पाण्यावर पहारा माझा होता. मी पुढे झाले. त्याच्या चड्डीला हात लावला. बाबा माझ्याकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे, मी काय सांगते त्याची वाट बघत.

मी म्हटलं, "ओलीच आहे."

गेंदू रडला नाही. त्याने परत स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बोटं एकमेकांवर घासली, नाकाजवळ नेली. मग हात खाली सोडला. बाबांनी त्याच्या अंगावर धाबळी टाकली, त्याला खांद्यावर घेतलं आणि पाहुणे यायच्या आत परत येतो म्हणून टोलीकडे निघाले. तो जाताना ओरडलाही नाही. मी आणि मायने मिळून ती गोधडी गोठ्यामागे धुतली, गल्लीतून नेली नाही, कारण त्या दिवशी कुणाला कळायचं नव्हतं.

ते परत आले तेव्हा उन्हं अंगणात आली होती. गेंदूच्या बेंबीखाली दोन डाग होते, लाखोरीच्या दाण्याएवढे, भोवती लाल. बाबांनी त्याला आतल्या खोलीत निजवलं. माय तूप घेऊन आत गेली. बाबा ओसरीवर येऊन बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि किती तरी वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पाहुण्यांना वाटलं, मुलीचा बाप आहे, धाकधूक असेल. दुसऱ्या दिवशी ते आमगावच्या बाजारातून जिलेबी घेऊन आले आणि गेंदूला स्वतःच्या हाताने भरवली. त्याने खाल्ली. नंतर गोठ्यात जाऊन ओकली. बाबांचं प्रेम नव्हतं असं मी कशी म्हणू? त्यांच्या स्वतःच्या पोटावरही तसेच दोन डाग होते, मी ते नहाणीत कितीदा पाहिले होते आणि ते कशाचे हे कधी विचारलं नव्हतं.

पाहुण्यांनी मला पसंत केलं. मी मान खाली ठेवली, विचारल्यावर बोलले, हातातलं काही सांडलं नाही. माझ्या सासूबाई पुढे वर्षानुवर्षं सांगायच्या की किती शांत मुलगी होती, पाणी द्यायला आली तर हात जरासुद्धा हलत नव्हता. खरंच हलत नव्हता. तो नंतर हलायला लागला.

आत्या महिन्याभराने आली. गेंदूला आंघोळ घालताना तिने ते डाग पाहिले. तिने बाबांना एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते तिथे येऊन बसली आणि म्हणाली, त्या दिवशी त्याच्याजवळ कोण झोपलं होतं? मी म्हटलं, मी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सूप पाखडत राहिले, तांदूळ खाली सांडले. ती म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली, उठली, आणि तिसऱ्या दिवशी निघून गेली. माझ्या लग्नाला ती आली नाही. तिच्या पायात लचक भरली आहे असा निरोप आला.

त्या डागांनी गेंदू बरा झाला नाही. उलट पुन्हा सलग आठ-आठ दिवस गोधडी ओली होऊ लागली आणि आता तो कोरडी असली तरी सांगत नसे. माय सांगायची की तो कोंबडा आरवायच्या आधी उठून अंधारात अंथरूण चाचपत बसतो, आणि मग तिला हाक मारून विचारतो, माय, ओलं आहे का? तिने कोरडं आहे म्हटल्याशिवाय त्याला खरं वाटत नसे. दहा-अकराव्या वर्षी त्रास आपोआप गेला. चाचपणं गेलं नाही.

मी तोवर दवनीवाड्याला नांदत होते. नवरा चांगला, घर भरलेलं, मला पाच लेकरं झाली. माहेरी गेले की गेंदू स्टेशनवर बैलगाडी घेऊन यायचा, माझी ट्रंक उचलायचा, बाई, बाई करायचा. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला होता, मिसरूड फुटलं होतं. मी म्हटलं, रहा चार दिवस. जेवला, गप्पा मारल्या, आणि दिवस कलताच उठला. मुसळधार पावसात आठ कोस जायला निघाला. नवऱ्याने खूप आग्रह केला तर म्हणाला, गाय व्यायची आहे. त्यांची कुठलीही गाय तेव्हा व्यायची नव्हती.

तो आयुष्यभर कुणाच्या घरी राहिला नाही. वरातीला जायचा, परत यायचा. आमगावच्या पलीकडे गेला तर परतीच्या गाडीची वेळ आधी विचारायचा. दुपारनंतर पाणी प्यायचा नाही, कितीही ऊन असो, नांगरावर असो. चाळिशीत मुतखड्याने पहिल्यांदा लोळला. मग दर दोन-तीन वर्षांनी. डॉक्टर ओरडायचे, पाणी प्या. तो मान हलवायचा. त्याचा मुलगा सुरेश नागपूरला नोकरीला लागला, तिथे घर बांधलं, वडिलांसाठी खालची खोली ठेवली. गेंदू सकाळच्या गाडीने जायचा, नातवंडांना खेळवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. एक मुक्काम नाही. नातीचं बारसं झालं तरी नाही. सुरेश एकदा माझ्याकडे बसून म्हणाला, आत्या, बाबांना माझ्या घरची किळस वाटते का? माझ्या बायकोचं काही चुकलं का? मी म्हटलं, त्याचा स्वभावच तसा आहे. सुरेशने वडिलांशी बोलणं कमी करत आणलं. मी ते होताना पाहत होते.

शेवटी त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. गोंदियाच्या दवाखान्यात मी त्याच्याजवळ बसायला जायची. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. नर्सने लावलेली नळी त्याच्या अंगाला होती आणि तो सारखा हाताने चादर चाचपत होता. मला म्हणाला, बाई, पाह्य ना, ओलं झालं का? मी चादरीखाली हात घातला. मग मी त्याला सगळं सांगितलं. बसल्या बसल्या, त्याच्याकडे न बघता, पहाटेपासून सगळं.

चादर चाचपणारा त्याचा हात थांबला. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी माही चड्डी कोरडी होती?"

मी म्हटलं, हो.

"मले वाटे, माहाच हात खोटा आहे," तो म्हणाला. "सत्तर वर्सं वाटून राहिलं."

मी रडले. त्याने मला गप्प केलं नाही, रागावलाही नाही. छताकडे बघत होता. जरा वेळाने म्हणाला, "सुरेश बाहेर बसून आहे. त्याले सांग. मी काऊन राहत नोतो त्याच्या घरी, ते त्याले सांग. मले नाही सांगता येत, तू सांग."

मी उठले. बाहेर व्हरांड्यात सुरेश बाकावर बसला होता, पन्नाशीचा, केस पिकलेला, मांडीवर जेवणाचा डबा. त्याने विचारलं, काय म्हणतात बाबा? आजूबाजूला लोक होते, माझी सून होती, सुरेशची बायको होती. त्या सगळ्यांमध्ये मी मोठी होते, सगळे मला वाकून नमस्कार करत. माझ्या तोंडून निघालं, काही नाही, झोपू दे त्याला.

दुसऱ्या दिवशी गेंदूने विचारलं, "सांगतलं का त्याले?" मी म्हटलं, सांगितलं. त्याने विचारलं, काय म्हणला? मी म्हटलं, काही नाही बोलला, डोळे भरून आले त्याचे. गेंदूने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि ते पाहून मला, देवा, हायसं वाटलं.

संध्याकाळी सुरेश आत आला तेव्हा गेंदूने त्याचा हात हातात घेतला. असा त्याने तो कधी घेतला नव्हता. म्हणाला, "आता येतो तुह्या घरी. राहीन चार दिवस." सुरेशने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, भ्रमात बोलतायत का, आत्या? मी म्हटलं, हो, सकाळपासून ताप आहे त्याला. सुरेशने हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांना बोलवायला गेला. गेंदू दाराकडे बघत राहिला.

चार दिवसांनी तो गेला. सुरेश अजून दर दिवाळीला मला साडी पाठवतो. त्याला मी काहीही सांगितलेलं नाही.